जिथे ब्रश पोचत नव्हता

माझे हात फार स्वच्छ आहेत. फुशारकी मारत नाही, रडगाणं सांगतेय. आईने मला भांडी घासायला शिकवली तेव्हा तिचा हुकूम होता की पातेल्याच्या बुडात तोंड दिसलं पाहिजे. मी तिच्यावर कडी केली, पातेलं बाहेरूनही आरशासारखं लख्ख करून ठेवायची. तेव्हापासून दादा मला घासणी म्हणतो. चाळिशी उलटली, केस पिकले, तरी भेटला की, "काय गं घासणी, आज कोणाला सोलून काढलंस?" लोकांना वाटतं मी चिडत असेन. चिडू कशाला, खोटं थोडंच आहे?

याच हातांवर मला समुद्राच्या संशोधन केंद्रात नोकरी लागली. एक लांबट खोली, भिंतीला धरून सहा काचेच्या टाक्या, त्यांत समुद्रातली जिवंत पोवळी. समुद्राचं पाणी पाइपातून गाळून आत येतं, चिलरमध्ये थंड होतं, टाक्यांमधून फिरतं आणि परत समुद्रात जातं. पंपांची घरघर एवढी की शेजारी उभ्या असलेल्या माणसाशीही ओरडून बोलावं लागतं. टाक्यांच्या काचा पुसायच्या, शेवाळ खरवडायचं आणि दर दोन तासांनी पाण्याचं तापमान फळ्यावर लिहायचं, हे माझं काम. माझ्या आधीचा माणूस आठवड्यातून एकदा काचा पुसायचा. मी रोज पुसते, बारा वर्षं झाली. पाहुणे आले की मॅडम म्हणायच्या, "सांभाळून हं, काच आहे, डोकं आपटेल." माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

मॅडम म्हणजे आमच्या शास्त्रज्ञ. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, मला ताई म्हणतात. स्वतःचा डबा खायचा विसरतील, पण कुठल्या पोवळ्यावर कुठला डाग कधी पडला ते तारखेसकट सांगतील.

आणि चौथ्या टाकीत होती म्हातारी.

म्हातारी हे पोवळं. बंदराच्या बाहेर, पाण्याखालच्या खडकावर वाढलेलं, दोन खाटा एकमेकींना जोडाव्यात एवढं पसरलेलं. मॅडमच्या अंदाजाने साडेतीनशे वर्षांचं. नाव ठेवलं दादाने. दादा पाणबुड्या. पंचवीस वर्षं त्याने केंद्रासाठी बुड्या मारल्या आणि दर खेपेला खाली गेला की पहिल्यांदा म्हातारीची चौकशी. "घरातल्या मोठ्या माणसाला आधी भेटायचं, मग बाकीचे," असं म्हणायचा. दोन वर्षांपूर्वी समुद्र तापला आणि म्हातारी पांढरीफटक पडली. तिच्या कडेला थोडा रंग उरला होता. दादाने एका दिवसात छिन्नीने तिचे नऊ तुकडे काढून आणले. "आणखी एक, आणखी एक" करत इतक्या वेळा खालीवर केलं की उजवा कान कायमचा गेला आणि डावा अर्धा उरला. कानाच्या डॉक्टरांनी बजावलं, आता पाण्यात उतरलास तर हाही गमावशील. महिन्याभरात समुद्रातली म्हातारी मेली. राहिले ते आमच्या टाकीतले नऊ तुकडे, सुपारीएवढे.

दादा मग केंद्रातच हवेचे सिलिंडर भरायच्या खोलीत बसायला लागला. रोज जेवणाच्या सुट्टीत आमच्या खोलीच्या खिडकीशी यायचा. मध्ये काच, आत पंप, त्यात त्याचा अर्धा कान, म्हणजे बोलणं बंदच. त्याच्याकडे पाण्याखाली लिहायची पाटी होती, पांढऱ्या प्लॅस्टिकची, दोरीने पेन्सिल बांधलेली. ती तो काचेला लावायचा. तिच्यावर एकच ओळ, "म्हातारी कशी आहे?" ती ओळ तो कधी पुसायचाच नाही. मी आतून अंगठा वर करायची, तो मान हलवून जेवायला जायचा.

यंदा समुद्र पुन्हा तापला. पाइपातून येणारं पाणीच इतकं गरम की चिलरला झेपेना. चार दिवस टाकीत साडेएकतीस अंश. तिसऱ्या दिवशी सकाळी बघते तर म्हातारीच्या तुकड्यांवर शेंबूड.

मी शेंबूडच म्हणते. मॅडमकडे चांगला शब्द आहे, मला तो कधी पाठ झाला नाही. जाड, बुळबुळीत, दोरे लोंबतायत, त्यात पाण्यातला कचरा चिकटून सगळं राखाडी. आता मला सांगा, घरातल्या आजारी म्हातारीचं नाक वाहतंय तर तुम्ही काय कराल? हाताची घडी घालून बघत बसाल?

भिंतीवर मॅडमनी सूचना लावली होती, "पोवळ्यांना हात लावू नये." मी हात नाही लावला. ब्रश लावला. तान्ह्या बाळांच्या पहिल्या दातांसाठी मिळतो तसा, मऊ केसांचा, मुद्दाम नवा आणला. मी सकाळी साडेसहाला यायची, मॅडम नऊला. एकेका तुकड्यावरून हलक्या हाताने ब्रश फिरवला की राखाडी दोरे सुटून पाण्यात जायचे आणि खालून तपकिरी अंग स्वच्छ दिसायचं. इतकं बरं वाटायचं मला! दर सोमवारी मॅडम स्वतः कापसाच्या काडीने तुकड्यांवरचं थोडंसं पुसून घ्यायच्या आणि नळीत घालून मोठ्या प्रयोगशाळेत पाठवायच्या. मी मनात म्हणायची, मॅडमही पुसतातच की, मी जरा नीट पुसते एवढंच.

गरमी ओसरली तरी शेंबूड येतच राहिला. मी दिवसातून दोनदा ब्रश करायला लागले.

मग एक दिवस प्रयोगशाळेचे कागद आले. मॅडम ते हातात घेऊन टाकीपाशी उभ्या राहिल्या, आधी कागदाकडे बघितलं, मग तुकड्यांकडे, मग परत कागदाकडे.

"ताई, असं कसं होईल? गरमीने थोडं बदलणार हे ठाऊक होतं. पण इथे काही उरलंच नाहीये. नेहमीचे जीवाणू जवळजवळ शून्य. आणि हे दुसरे, रोग आणणारे, ते बघा किती." माझ्याकडे वळल्या. "कोणी हात लावला होता का यांना?"

त्या रागावून विचारत नव्हत्या. हे मला नीट आठवतं. अगदी साध्या सुरात विचारलं. आणि माझ्या तोंडून निघालं, "नाही हो मॅडम. कोण लावणार?"

का? ते मी हजार वेळा स्वतःला विचारलंय. नोकरी गेली असती म्हणून? नाही, मॅडम तशा नाहीत. बारा वर्षं त्या माझ्या हातांचं कौतुक करत होत्या. त्याच हातांनी घाण केली हे त्यांच्यासमोर कबूल करायला जीभच उचलेना. बस, एवढंच कारण. एवढ्याशा कारणासाठी माणूस केवढं खोटं बोलतं!

"म्हणजे गरमीनेच," मॅडम म्हणाल्या. "मग थांबून चालणार नाही. जंतू मारायचं औषध द्यावं लागेल."

दुसऱ्या दिवसापासून औषध सुरू झालं. एकेक तुकडा चिमट्याने उचलायचा, औषधाच्या पाण्यात तासभर ठेवायचा, धुऊन परत टाकीत. चार नंबरचा तुकडा तेवढा राहिला. तो मागच्या बाजूला, पाण्याच्या पाइपाखाली दगडाला असा चिकटून वाढला होता की काढायला गेलं तर तुटलाच असता. मॅडम म्हणाल्या, "राहू दे त्याला. तो बरा दिसतोय."

औषधाच्या तिसऱ्या दिवशी दोन नंबर सुटायला लागला. अंगावरचं मांस फडक्याच्या चिंधीसारखं निघून पाण्यात तरंगायला लागलं आणि खाली पांढरं हाड. पाठोपाठ सात. मग नऊ आणि एक, एकाच दिवशी. रोज दुपारी दादा काचेला पाटी लावायचा आणि मी अंगठा वर करायची. चार तुकडे मेले होते आणि माझा अंगठा वर. सवयीचा गुलाम झाला होता मेला.

पाचवा तुकडा गेला त्या सकाळी मॅडम स्टुलावर बसून बोलायला लागल्या. अर्धं माझ्याशी, अर्धं आपल्या आपणच. "औषधाने वाईट मेले, पण उरलेसुरले चांगलेही मेले. त्या चिकट थरात एक वस्तीच असते, ताई. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणारे जीवाणू. काही पोवळ्याला खायला मदत करतात, काही पहारा देतात. पाणी तापलं की पोवळं घाबरून जास्त थर सोडतं, ते त्याचं पांघरूण. तेवढं पांघरूण राहिलं ना, तर वस्ती हळूहळू सावरते. गल्ली रिकामी पडली की मात्र गुंडच घुसतात."

"आणि कोणी तो थर पुसला तर?" मी विचारलं.

"पुसून? मग काय राहिलं? पण तसं असतं तर मी औषध दिलंच नसतं. नुसती थांबले असते. पुसणं बंद झालं की थर आपोआप आला असता."

मी चार नंबरकडे बघितलं. पाइपाखाली, मागच्या कोपऱ्यात, राखाडी शेंबूड पांघरून तो मजेत बसला होता. नऊ तुकड्यांत एकटा धडधाकट. त्याच्यापर्यंत औषध पोचलं नव्हतं. आणि त्याच्या आधी, रोज सकाळी साडेसहाला आणि पुन्हा संध्याकाळी, माझा हात पाइपाला अडायचा म्हणून ब्रशही पोचला नव्हता. तो घाणेरडा राहतो म्हणून मला केवढी खंत वाटायची.

मी टाकीची कड धरून उभी राहिले. आता सांग, आता सांग, असं मनात दहा वेळा म्हटलं. मॅडम डोळे पुसत होत्या. मी त्यांना पाणी आणून दिलं, एवढंच.

ब्रश मात्र त्या दिवसापासून बंद केला. पण उरलेल्यांना त्याचा काय उपयोग? दहा दिवसांत सगळे गेले. एकटा चार नंबर राहिला, आणि मग त्याच्याही कडेला पांढरी रेघ दिसली. आजूबाजूला आठ जण सडल्यावर तो तरी किती टिकणार? रेघ रोज तांदळाच्या दाण्याएवढी आत सरकायला लागली.

मॅडमना एकच उपाय दिसत होता. त्याच जातीच्या निरोगी पोवळ्याचा ताजा चिकट थर आणायचा आणि चार नंबरवर सोडायचा, म्हणजे जुनी वस्ती पुन्हा वसेल. पण निरोगी पोवळं आणायचं कुठून? वरच्या पाण्यातली सगळी मेली होती. बत्तीस मीटर खाली एका कपारीत, थंड पाण्यात, एक आहे असं दादाने पूर्वी लिहून ठेवलं होतं. तो तिला म्हातारीची बहीण म्हणायचा. दोन तरुण पाणबुडे दोनदा जाऊन आले. गढूळ पाणी, ओढ जबरदस्त, कपारच सापडली नाही.

त्या दुपारी दादाने काचेला पाटी लावली आणि माझा अंगठा उठेना. मी एक बोट वर केलं. त्याने पाटी खाली घेतली. मग फिरून दारातून आत आला, टाकीपाशी वाकला आणि आठ पांढरी हाडं मोजली.

"कधी?" त्याने डावा कान माझ्या तोंडाजवळ आणला.

"या पंधरा दिवसांत."

"आणि तू रोज मला अंगठा दाखवत होतीस?"

तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

"गरमीने?" त्याने कान आणखी जवळ आणला.

"हो," मी त्याच्या कानात ओरडले. त्याच्या त्या अर्ध्या, शेवटच्या कानात.

त्याने चार नंबरच्या पांढऱ्या रेघेकडे बघितलं. "त्या पोरांना नाही सापडायची कपार. दोन खडकांच्या मधून पाठीवर उताणं शिरावं लागतं. सांगून नाही कळत ते."

"दादा, तू जायचं नाहीस हं."

"कोण जातंय?" तो हसला. "तुझी वहिनी तंगडी तोडेल माझी."

इथे एक गोष्ट सांगते, मग मला काय म्हणायचं ते म्हणा. तो दाराबाहेर गेला तेव्हा मला कळलं होतं की हा जाणार. पंचेचाळीस वर्षं ओळखते मी त्याला. पाठीवरूनच कळतं. आणि मी हाक मारली नाही. माझ्या मनात आलं, जाऊ दे. गेला तर म्हातारी वाचेल, आणि म्हातारी वाचली तर मला कधीच काही सांगावं लागणार नाही. असं आलं माझ्या मनात, सख्ख्या बहिणीच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला वहिनी टाक्यांच्या खोलीत शिरली. घरातल्या चपला, पदर खोचलेला, हाताला पीठ. "तुझा भाऊ कुठाय?"

"सिलिंडरच्या खोलीत असेल."

"नाहीये. एक सिलिंडर पण नाही आणि होडीपण नाही. काय सांगितलंस तू त्याला?"

"मी काही नाही सांगितलं, वहिनी."

आणि ते खरंच होतं, बघा. काहीच सांगितलं नव्हतं.

आम्ही दोघी धक्क्यावर जाऊन उभ्या राहिलो. उन्हाने फरशी तापली होती. वहिनी हाताचं वाळलेलं पीठ नखांनी काढत होती. मॅडम एकदा आल्या, दादाची सही असलेला वहीतला कागद दाखवला, "एकटा बुडी मारत आहे, कोणाला दोष नाही." वहिनीने तो वाचला आणि माझ्या हातात दिला. साडेबारा वाजता होडी दिसली. तीत होडी चालवणारा तांडेल एकटाच उभा होता.

दादा होडीच्या तळाशी बसला होता, पाठ टेकून, पाय पसरून. कपड्यांवर उलटी. डोळे एका जागी ठरत नव्हते, कोणी गरागरा फिरवून सोडल्यासारखे हलत होते. डाव्या कानातून मानेवर रक्ताची बारीक ओळ. आणि दोन्ही गुडघ्यांमध्ये बर्फाची पेटी गच्च धरलेली.

"दादा!" मी ओरडले.

त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं. "जोरात बोल," तो म्हणाला. इतक्या मोठ्याने म्हणाला की धक्क्यावरचे लोक वळून बघायला लागले. "काय म्हणतेस? जोरात बोल ना!"

वहिनीने त्याचं डोकं पोटाशी धरलं आणि अशी किंचाळली की मला ते अजून ऐकू येतं. त्याला ऐकू आलं नाही. त्याने पेटी माझ्याकडे ढकलली, टाक्यांच्या खोलीकडे हात केला आणि त्याच ओरडत्या आवाजात म्हणाला, "पळ घासणी, पळ! मरेल ते उन्हात!"

सख्खा भाऊ होडीत तसा पडलेला आणि मी पाठ फिरवून पळाले.

पेटीत दोन सिरिंजा होत्या, सुई नसलेल्या, पातळ शेंबडाने भरलेल्या. मॅडमनी चौथ्या टाकीचा पंप बंद केला, मग शेजारचे, मग सगळेच. अर्धा तास पाणी हलायला नको, नाहीतर सोडलेला थर वाहून जाईल. बारा वर्षांत ती खोली मी कधी शांत ऐकली नव्हती. त्या शांततेत मॅडम पाइपाखाली सिरिंजचं टोक सरकवून चार नंबरवर थेंब थेंब सोडत होत्या. त्यांचा श्वास ऐकू येत होता. माझाही येत असणार.

"मॅडम, मी खोटं बोलले," मी म्हणाले. "मी ब्रश लावत होते. रोज."

त्यांचा हात थांबला नाही. पहिली सिरिंज संपली, दुसरी घेतली. "कधीपासून?"

"शेंबूड आला त्या दिवसापासून."

"मी विचारलं होतं तुम्हाला. औषधाच्या आधी विचारलं होतं."

"हो."

दुसरी सिरिंज अर्ध्यावर आली. मग त्या म्हणाल्या, "तुमच्या एका 'नाही'वर मी औषध दिलं, ताई. माझ्या हाताने दिलं." त्यांनी आणखी एक थेंब सोडला. "तुम्ही तेव्हा 'हो' म्हटलं असतं तर दादांना पाण्यात उतरायची वेळच आली नसती. कळतंय का तुम्हाला?"

कळत नव्हतं की काय मला? त्या होडीपासून त्या टाकीपर्यंत मी दुसरं काय घोकत आले होते? मी कपाटातून ब्रश काढून त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो बघितला, बाळाचा ब्रश, मागे पिवळं बदक असलेला, आणि तोंड फिरवलं.

"दादांना तुम्ही सांगायचं," त्या म्हणाल्या. "मी नाही सांगणार."

तीन दिवस मी टाकीसमोर दोन्ही हात पाठीमागे धरून उभी राहिले. काचा पुसल्या नाहीत. हिरवट झाल्या तरी पुसल्या नाहीत. पांढरी रेघ पहिल्या दिवशी आत सरकली, दुसऱ्या दिवशीही सरकली. सुपारीएवढ्या तुकड्याचं आता फक्त एक टोक जिवंत होतं. तिसऱ्या दिवशी मी मॅडमकडे बघायचंच टाळलं. चौथ्या दिवशी सकाळी मॅडम भिंग घेऊन पाइपाखाली वाकल्या आणि किती तरी वेळ उठल्याच नाहीत.

"रेघ थांबलीये," त्या म्हणाल्या. "आज तरी थांबलीये. उद्याचं मला विचारू नका."

मी वाकून बघितलं. त्या टोकावर पातळ, पारदर्शक शेंबूड चढला होता. माझे हात पाठीमागे एकमेकांना इतके घट्ट धरलेले की बोटं पांढरी पडली.

तिथून उठले ती तडक इस्पितळात गेले. खाटेवर दादा उशीला टेकून बसला होता, चक्कर येऊ नये म्हणून मान सरळ धरून. डॉक्टर सकाळीच सांगून गेले होते, डावा कानही गेला, परत यायचा नाही. वहिनी पायथ्याशी बसली होती. मला बघून तिने स्टूल पुढे सरकवलं. तिला काही ठाऊक नव्हतं ना, म्हणून सरकवलं.

उशाशी त्याची पाटी होती. आता घरातले सगळे तिच्यावरच लिहून त्याच्याशी बोलत असणार असं मला वाटलं, पण वहिनी वेगळी वही वापरत होती. पाटीवर तीच जुनी ओळ होती. ती पुसायचा धीर मला झाला नाही. मी पाटी उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला लागले. पेन्सिल घसरत होती. लिहिलं:

"गरमीने नाही गेले. मी रोज ब्रशने त्यांचा शेंबूड पुसत होते. त्यानेच मेले. मॅडमनी विचारलं तेव्हा मी नाही म्हणाले, म्हणून चुकीचं औषध दिलं. खरं बोलले असते तर तुला जावं लागलं नसतं. तू जाणार हे मला कळलं होतं. मी थांबवलं नाही."

त्याने पाटी दोन्ही हातांत धरून वाचली. हळूहळू, ओठ हलवत, शाळेत वाचायचा तसं. वहिनी उठून त्याच्या खांद्यावरून वाचायला लागली. तिचं आधी वाचून झालं.

"चालती हो," वहिनी म्हणाली. "आत्ताच्या आत्ता चालती हो इथून. पुन्हा माझ्या दारात पाय ठेवायचा नाही."

दादाला ते ऐकू आलं नाही. तो अजून शेवटच्या ओळीवर होता. ती ओळ त्याने दोनदा वाचली असावी. मग समोरच्या भिंतीकडे बघत राहिला. मला वाटलं, आता पाटी फेकून मारेल, आणि मनातून मी तयार होते, खरं तर वाट बघत होते. वहिनीने माझा दंड धरून मला स्टुलावरून उठवलं.

तेव्हा त्याने पाटी उलटी केली आणि माझ्यासमोर धरली. म्हातारी कशी आहे?

हाताला सवय होती. अंगठा अर्धा वर आलाही. मी तो मिटला. करंगळी पुढे केली आणि दुसऱ्या हाताचं बोट तिच्या नखावर ठेवलं. एवढी.

त्याने माझी करंगळी धरून आपल्या डोळ्यांजवळ नेली आणि किती तरी वेळ त्या नखाकडे बघत राहिला. माझ्या तोंडाकडे मात्र त्याने बघितलं नाही.